आवाज गेला म्हणजे व्हॉल्व्ह गेला?

"आवाज गेला ना? मग व्हॉल्व्ह गेला. दोन नवे टाका." चिचगड-देवरीपासून गोंदियापर्यंत कुठल्याही बिछायत केंद्रात (मंडप-लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात) जुनं अ‍ॅम्प्लिफायरचं मशीन उघडलं, की हे निदान तयार असतं. ऐकून ऐकून कान किटले आहेत. एके काळी मंडई-जत्रेच्या आणि नाटकांच्या रात्री भोंगे याच मशिनांवर चालत. ट्रान्झिस्टर आला आणि ती कोपऱ्यात गेली. आता गिटार वाजवणारी पोरं ती पुन्हा बाहेर काढताहेत, आणि त्यात चूक काही नाही. गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणि सभेचं जुनं मशीन यांची अंतर्गत रचना जवळपास एकच असते. चूक आहे ती न मोजता व्हॉल्व्ह विकत घेण्यात.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची व्हॅक्यूम ट्यूब. त्याच्यावर आळ येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो, पेटतो आणि हाताने उपसता येतो. पण त्याच्याभोवतीचे कंडेन्सर आणि रेझिस्टन्सही तेवढेच म्हातारे झालेले असतात. त्यातही जुने मेण-कागदाचे कंडेन्सर आधी दगा देतात.

ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी असलेलं मशीन घ्या. आधीच्या टप्प्यातल्या प्लेटवर साधारण ३०० व्होल्ट डीसी असतात. ते पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत पोचू नयेत, फक्त आवाजाचा सिग्नल जावा, म्हणून मध्ये कपलिंग कंडेन्सर असतो. ग्रिडवर उणे ३५ व्होल्टच्या आसपास बायस असतो आणि तो २२० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून येतो. आता कंडेन्सर किंचित गळू लागला, समजा फक्त ०.१ मिलिअँपिअर. गुणाकार करा : त्या रेझिस्टन्सवर २२ व्होल्ट उभे राहतात. उणे ३५ चे उणे १३ झाले. व्हॉल्व्हचा लगाम सुटला, करंट वाढला, प्लेट लालबुंद झाली. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट उष्णता सोसते, त्याहून जास्त नाही. पटत नसेल तर मुलार्ड किंवा फिलिप्सचं मूळ माहितीपत्रक काढून पाहा.

अशा मशिनात नवी महागडी जोडी घातली की ती काही दिवस वाजते, मग तीही लाल होते. मग म्हणायचं, "हल्लीचे व्हॉल्व्हच खराब, पूर्वीचे बीईएलचे बरे होते." अहो, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे बीईएलचा, व्हॉल्व्हही त्या जागी जळलाच असता! गुन्हेगार आहे काही रुपयांचा कंडेन्सर.

ओळखायचं कसं? पहिली चाचणी फुकट आहे. मशीन बंद करून, थंड होऊ देऊन दोन्ही पॉवर व्हॉल्व्हची अदलाबदल करा. मशीन चालू करून नजर ठेवा आणि प्लेट लाल होताच बंद करा. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली, तर व्हॉल्व्ह दोषी. लाली त्याच सॉकेटवर राहिली, तर दोष सर्किटमध्ये. दुसरी चाचणी मीटरची. व्हॉल्व्ह काढून त्या सॉकेटच्या ग्रिडवरचा बायस मोजा, मग मशीन बंद करून, खाली सांगितल्याप्रमाणे दाब उतरवून कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. आकडा बदलला तर कंडेन्सर गळतो आहे. "मीटरवर कंडेन्सर तर बरोबर दाखवतो" हे कृपा करून सांगू नका. साधा मल्टिमीटर त्याला काही व्होल्टवर तपासतो, आणि गळती दिसते ३०० व्होल्टवर. तेवढ्याच कपॅसिटीचा, ६३० व्होल्टचा नवा पॉलिएस्टर कंडेन्सर घाला आणि विषय संपवा.

मशीन नुसतंच घुमत असेल, तरी आधी व्हॉल्व्हकडे धावू नका. आपली वीज ५० हर्ट्झची. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची. त्या सुराचं घुमणं ऐकू आलं की फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेत का, हे पहिल्यांदा बघावं. आवाज खरखरत येत-जात असेल, तर सॉकेटच्या पिना आणि व्हॉल्यूम कंट्रोल साफ करा.

दुसरा गैरसमज जिवावर बेतणारा आहे : "प्लग काढला, आता हात घाला." मुळीच नाही. फिल्टर कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब प्लग काढल्यावरही राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना जोडा, दहा सेकंद थांबा आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आलेलं बघूनच आत हात घाला. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी काढणं ही हुशारी नव्हे. चालू मशिनात मोजायचं तर एकाच हाताने, दुसरा खिशात. आणि हे कधी केलेलं नसेल, तर जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवा.

आता बाकीचे गैरसमज. काचेच्या आतला चंदेरी डाग म्हणजे व्हॉल्व्ह जळला, असं नाही. तो गेटर आहे, उरलीसुरली हवा शोषण्यासाठी लावलेला. तो दुधासारखा पांढरा झाला, तरच आत हवा शिरली. काचेवरची निळी झाक निरुपद्रवी. प्लेटच्या आत गुलाबी-जांभळं धुकं दिसलं तर मात्र व्हॉल्व्ह बदला. फिलामेंट पेटतो म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, हेही खोटं. कॅथोड थकलेला असला तरी फिलामेंट पेटतोच.

सॉकेटमध्ये बसतो म्हणून ६एल६ च्या जागी ईएल३४ चालतो, असंही नाही : ६एल६ चा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५, आणि बायसही नव्याने लावावा लागतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घातली, तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. आणि ट्रान्झिस्टरच्या सवयीने स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचं मशीन वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब इतका चढतो की त्याचं इन्सुलेशन फुटतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेणं हे कंडेन्सर बदलण्याइतकं स्वस्त काम नाही.