निवडक संकेतस्थळांचा एकत्रित शोध : नामदेवविषयक संशोधनाच्या संदर्भात

कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्यातील, वाशीम जिल्ह्याच्या सीमेलगतचे गाव. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात येते. अशा ठिकाणी राहून नामदेवांचा अभ्यास करणाऱ्यास मोठी ग्रंथालये दूरची असतात. त्यामुळे मराठी विश्वकोश, शोधगंगा, इंटरनेट आर्काइव्ह यांसारख्या संकेतस्थळांवर त्याची मोठी भिस्त असते. ही स्थळे एकाच वेळी शोधण्याची पद्धती व तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यासाठी दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला गूगलच्या शोधचौकटीतलाच. शोधशब्दापुढे रोमन लिपीत 'साइट', त्याला जोडून अपूर्णविरामाचे चिन्ह व स्थळाचा पत्ता लिहावा. अनेक पत्ते द्यायचे असल्यास त्यांमध्ये 'ऑर' हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत घालावा. दुसरा मार्ग म्हणजे निवडक स्थळांची यादी देऊन स्वतःचे शोधयंत्र सिद्ध करणे. ही सोय गूगलने २००६ मध्ये सुरू केली. यादी एकदाच करावी लागते, हा तिचा विशेष लाभ होय.

तथापि, यंत्र प्रत्यक्ष संकेतस्थळ चाळत नाही. आपण आधी तयार केलेल्या सूचीतच ते शोध घेते. सूचीत न आलेली पृष्ठे, तसेच ज्यांची अक्षरे ओळखली गेलेली नाहीत अशी छायाचित्रित पाने त्याला अदृश्य राहतात. युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराचीही बहुधा हीच गत होते.

मराठीच्या संदर्भात आणखी एक अडचण संभवते. 'नामदेव', 'नामदेवांचे', 'नामयाची' ही रूपे यंत्र एकत्र आणीलच असे नाही. नर्सी व नरसी, तसेच १९६२ पूर्वीचे सानुस्वार लेखन, हे पर्यायही स्वतंत्रपणे शोधावे लागतात. उलट, 'नामा' एवढाच शब्द दिल्यास सोळाव्या शतकातील विष्णुदास नामाही समोर येतो. कर्तृत्वाचा निर्णय यंत्राचा नव्हे, अभ्यासकाचा असतो.

म्हणून 'उल्लेख आढळत नाही' हे विधान प्रबंधात करताना शोधलेली स्थळे, शब्दरूपे व दिनांक यांची नोंद द्यावी. यंत्राला न सापडणे आणि वाङ्मयात नसणे यांतील भेद विसरल्यास अनुल्लेखाचा निष्कर्ष निराधार ठरतो; आणि तो एकदा छापला गेला की पुढील प्रबंधांतून प्रमाण म्हणून उद्धृत होत राहतो.