मशीनमध्ये पाणी अडले तर मेकॅनिकच्या आधी काय पाहावे?

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे काम संपले की दाराचे कुलूप आपोआप सुटते. पण एखाद्या दिवशी ते सुटतच नाही. काचेतून पाहावे तर कपडे गढूळ पाण्यात बुडालेले आणि पडद्यावर काही अक्षरे लुकलुकत असतात. एलजीच्या मशीनवर 'ओई', सॅमसंगच्या मशीनवर '५सी' किंवा '५ई', बॉशच्या मशीनवर 'ई१८'. या सगळ्यांचा अर्थ एकच: पाणी बाहेर जात नाही. जुम्याच्या सकाळी किंवा ईदच्या आदल्या दिवशी असे झाले की घरात धावपळ उडते आणि पहिला फोन मेकॅनिकला जातो. खरे तर पुष्कळदा पाणी अडते ते एखाद्या नाण्यामुळे, पिनेमुळे किंवा बाळाच्या मोज्यामुळे. ते काढायला फारशी अवजारे लागत नाहीत. हवे असतात एक ताट, एक जुना टॉवेल आणि थोडा धीर.

प्रश्न तहारतचाही आहे

आपल्या घरांत कपडा नुसता स्वच्छ दिसून भागत नाही, तो पाकही असावा लागतो. नमाजसाठी ती अटच आहे. मशीन आधी साबणाच्या पाण्यात कपडे घोळवते, ते पाणी बाहेर टाकते आणि मग बहुधा दोन-तीन वेळा नवे पाणी घेऊन खळबळते. पाणी मध्येच अडले तर ही खळबळणी झालेलीच नसते. अशा वेळी दार कसेबसे उघडून, कपडे पिळून वाळत घालणे बरोबर नाही. विशेषतः त्यांत लहान बाळाची दुपटी असतील तर. दुरुस्ती झाल्यावर ते कपडे पुन्हा पूर्ण धुवावेत. बारीक मसले आपल्या जवळच्या आलिमांना विचारावेत. मशीनपुरती गोष्ट सरळ आहे: मळके पाणी बाहेर गेले पाहिजे आणि स्वच्छ पाणी आत आले पाहिजे.

पाणी बाहेर कसे जाते?

ड्रमच्या खाली एक छोटा पंप असतो. पंपाच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर असतो. पाणी फिल्टरमधून पंपात येते आणि मागच्या लवचीक नळीतून वर चढून मोरीत पडते. म्हणजे अडथळ्याच्या जागा चारच: फिल्टर, पंपाचा पंखा, नळी आणि भिंतीतला पाइप. त्या एकेक करून तपासाव्यात.

आधी बाहेरून पाहा

मशीन बंद करून मागची नळी पाहा. झाडताना मशीन मागे सरकले असेल तर नळी भिंतीशी दबते किंवा दुमडते. नळीचे तोंड किती उंचीवर असावे, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते. साधारणपणे जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर. त्याहून फार उंच नेले तर पंपाला पाणी चढवता येत नाही. फार खाली सोडले तर उलटा त्रास होतो: मशीन पाणी घेत राहते आणि ते आपोआप वाहून जात राहते.

फिल्टर साफ करताना

१. बटण बंद करून प्लग काढा, नळ बंद करा. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल तर पाणी निवू द्या. मुलांना दूर ठेवा.

२. मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, छोटे झाकण असते. ते उघडून खाली पसरट ताट आणि टॉवेल ठेवा.

३. काही मशीनमध्ये फिल्टरशेजारी टोपण लावलेली बारीक नळी असते. टोपण काढून त्या नळीने आधी पाणी काढा. नळी नसेल तर फिल्टर डावीकडे अगदी थोडा फिरवा, ताट भरले की पुन्हा बंद करा. एकदम उघडला तर सगळे पाणी खोलीत येते.

४. पाणी संपल्यावर फिल्टर बाहेर काढा, अडकलेले काढून टाका आणि वाहत्या पाण्याखाली जुन्या ब्रशने धुवा.

५. टॉर्च लावून आतल्या पोकळीत पाहा. तेथे छोटा पंखा दिसतो. तो काडीने हलकेच फिरवा. झटक्याझटक्याने फिरला तर ठीक. पुष्कळ पंपांत तो तसाच फिरतो. केस किंवा दोरा गुंडाळला असेल तर काढा.

६. फिल्टर घट्ट बसवा आणि कपडे न घालता फक्त पाणी सोडण्याचा किंवा पिळण्याचा प्रोग्राम लावा. झाकणापाशी गळती नाही ना, ते पाहा.

काढलेले पाणी मोरीत ओता. त्यात बाळाचे कपडे भिजले असतील तर अंगावर, फरशीवर उडालेले पाणीही धुऊन टाका.

तरीही पाणी अडले तर

मागच्या नळीचे टोक भिंतीतल्या पाइपातून काढून मोठ्या बालदीत धरा आणि पाणी सोडण्याचा प्रोग्राम लावा. बालदी लवकर भरते, म्हणून एकाने बटणापाशी उभे राहावे. पाणी जोरात आले तर मशीन ठीक आहे. तुंबला आहे तो घरातला पाइप, आणि त्यासाठी प्लंबर हवा. पाणी आलेच नाही तर आवाज ऐका. पंप घुमतो पण पाणी येत नाही, तर नळीत किंवा पंख्यात अजून काही अडकले आहे. आवाजच नाही, तर पंप किंवा त्याची वायरिंग बिघडली असेल. तेथे आपण हात घालू नये, मेकॅनिकला बोलवावे. फोनवरच पडद्यावरची अक्षरे आणि आपण काय काय तपासले ते सांगावे, भेटीचे पैसे विचारावेत आणि बदललेला जुना भाग दाखवायला सांगावा.

एक फरकही लक्षात ठेवावा. पाणी गेले आहे, पण कपडे पिळले गेले नाहीत, तर दोष बहुधा वजनाचा असतो. एकटी जड चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन पिळणे थांबवते. ती सोडवून, सोबत दोन-चार कपडे घालून पुन्हा लावावी.

आठवड्याच्या सवयी

धुण्याआधी खिसे रिकामे करावेत. आपल्या घरांतल्या खिशांत नाण्यांखेरीज बरेच काही निघते: अत्तराचा फाया, मिसवाकचे तुकडे, तुटलेल्या तस्बीहचे मणी. हिजाबच्या आणि ओढणीच्या पिना काढाव्यात. टिकल्यांचे कपडे आणि बाळाचे मोजे जाळीच्या पिशवीत घालून धुवावेत. पावडर फ्रंट लोडचीच आणि मोजकी वापरावी. फेस फार झाला तर पंपाला पाणी नीट ओढता येत नाही. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात, त्यासाठी मिळणारी पावडर अधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये वापरावी. फिल्टर मात्र महिन्यातून एकदा काढून धुवावाच.

हे काम अम्मीच्या किंवा सुनेच्याच वाट्याला यावे असे काही नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांना कामात मदत करत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. तेव्हा महिन्याच्या पहिल्या रविवारी फिल्टर काढण्याची जबाबदारी अब्बूंनी किंवा मोठ्या मुलाने घ्यावी. पाणी फुकट जाणार नाही, मेकॅनिकचे पैसे वाचतील आणि ईदच्या आदल्या दिवशी मशीन इन्शाअल्लाह अडून बसणार नाही.