पडवीचे खांब व तुळया : काष्ठपरीक्षेविषयीं कांहीं विचार

जुन्या बांधकामांचे जमाखर्च वाचतांना खण, खांब, तुळई, हस्त, वासा, तळखडा हे शब्द पदोपदीं भेटतात. आपण तळटीपेंत त्यांचे अर्थ देतों आणि पुढें जातों. यांतील प्रत्येक शब्दामागें लांकूड पारखण्याचा कांहीं नियम उभा आहे, हें मला उशिरां कळलें. आणि तेंहि एक पुष्पिका गमावल्यावर.

हकीकत अशी. सेवानिवृत्तीनंतर कोंकणांतील घरापुढें मीं एकपाखी पडवी घातली. खांब सागाचेच घेतले. पण ते कोंवळ्या झाडांचे होते, आणि त्यांचे बुडखे सरळ मातींत पुरले. तिसऱ्या पावसाळ्यांत वाळवी खांबांवरून तुळईवर, तेथून वाशांत आणि वाशांच्या वाटेनें भिंतींतील फडताळांत पोंचली. एका बाडाचीं शेवटचीं पानें तिनें फस्त केलीं. लेखनिकाचें नांव, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका त्यांतच होती, आणि मीं ती उतरून घेतली नव्हती. पडवी पुन्हां बांधतां आली. पुष्पिका गेली ती गेलीच.

प्रथम काष्ठाचा विचार. सागाच्या गर्द रंगाच्या गाभ्यांत टेक्टोक्विनोन नामक द्रव्य असतें व तें वाळवीस मानवत नाहीं. सालीलगतच्या पांढरट लांकडास हें संरक्षण नसतें. सबब ‘साग’ एवढें नांव ऐकून समाधान मानूं नये. बुंध्याच्या आडव्या कापावर गाभा किती व पांढरा भाग किती, तें पाहावें. कोंकणांत ऐन, किंजळ व फणस हींहि घरकामास वापरण्याची वहिवाट आहे. आंबा व सांवर मात्र खांबांस उपयोगाचीं नाहींत.

इ. स. च्या ६ व्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वनसंप्रवेशाध्यायांत प्रतिमेसाठीं त्याज्य वृक्ष सांगितले आहेत. वारुळाजवळचा, वेलींनीं पीडिलेला, विजेनें अथवा वणव्यानें दुखावलेला, आपोआप उन्मळलेला, असे वृक्ष त्यांत येतात. स्मशानांतील वृक्षाचा निषेध धर्मभावनेचा आहे हें उघड आहे. पण वारूळ म्हणजे वाळवी, वेलीचा विळखा म्हणजे वांकडे तंतु आणि विजेचा आघात म्हणजे आंतला तडा, हें कोणीहि सुतार सांगेल. माझ्या मतें येथें शास्त्र व अनुभव हातांत हात घालून चालले आहेत.

त्याच ग्रंथाच्या वास्तुविद्याध्यायांत चौकोनी स्तंभास रुचक, अष्टकोनीस वज्र, सोळा कोनांच्यास द्विवज्र अशीं नांवें आहेत. स्तंभावरील भारतुला स्तंभाइतकी जाड असावी आणि तीवरील तुला व उपतुला क्रमानें चतुर्थांशानें उण्या असाव्या, असा तेथें नियम आहे. खांब आठ अंगुळें असल्यास भारतुला आठ व तुला सहा अंगुळें झाली. आपली ‘तुळई’ ही या तुलेचीच कन्या होय.

परंतु या वचनांत जाडी आहे, खांबांमधील अंतराचा उल्लेख नाहीं. आणि तुळईचें भवितव्य अंतरावरच ठरतें. प्रत्येक हातावर सारखाच भार असतां अंतर दुप्पट केलें, तर त्याच तुळईचा मधला झोल सोळा पट होतो. झोल दिसूं लागल्यास जाड तुळई शोधण्यापेक्षां मध्यें एक खांब वाढविणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. दुसरें असें कीं, तुळई उभी बसवावी. सहा इंच रुंद व सहा इंच उंच तुळई आणि चार इंच रुंद व नऊ इंच उंच तुळई, दोहोंत लांकूड सारखेंच; पण दुसरीची भार सोसण्याची शक्ति दीडपट व न वांकण्याची शक्ति सवादोनपट. गांठी व खांचा तुळईच्या मध्यावर, खालच्या अंगास कदापि येऊं देऊं नयेत. कारण तेथील तंतूंवरच सर्वांत अधिक ताण पडतो.

खांबांत भार तंतूंच्या दिशेनें उतरतो, आणि त्या दिशेनें लांकूड फार बळकट असतें. तुळईवर तोच भार तंतूंस आडवा पडतो व ती टेंकीच्या जागीं चेपते. म्हणून खांबाच्या माथ्यावर हस्त देतात. त्यानें टेंकीची जागा वाढते. खालच्या टोंकाकडून खांब पाणी शोषितो, म्हणून त्याखालीं काळ्या दगडाचा तळखडा असतो. तो केवळ शोभेकरितां आहे, असें मी पूर्वीं समजत होतों.

आज्ञापत्रांतील आरमारप्रकरण येथें आठवतें. सागवानादि मोठीं लांकडें हुजूरच्या परवानगीनें तोडावीं. आंबे-फणसांस हात लावूं नये, कारण रयतेनें तीं झाडें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. अगदींच जीर्ण झाड घेणें झाल्यास धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. लांकडाची निवड ही केवळ सुताराची बाब नव्हती, हें यावरून दिसतें.

माझ्या नव्या पडवीस एका पाडलेल्या वाड्याच्या तुळया घेतल्या. जुनें लांकूड पुरतें वाळलेलें असतें, हा त्याचा मोठा गुण. मात्र जुनीं भोंकें कोठें आहेत तें पाहून मगच तें कापावें. संग्राहकांस एक विनंति अधिक. अशा तुळईवर शक, नांव किंवा नक्षी असल्यास करवत लावण्यापूर्वीं तिचा ठसा घ्यावा. आणि आपल्या संग्रहांतील ज्या पोथ्यांच्या पुष्पिका अद्याप उतरलेल्या नाहींत, त्या आजच उतरून घ्याव्या. खांब कितीहि पारखून घेतला तरी वाळवी वाट शोधीत असतेच.