समुद्रबूड जमीन : किनाऱ्यापुढची पहिली पायरी

कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की आपल्याला वाटतं, जमीन इथं संपली. खरं तर ती संपत नाही, पाण्याखाली जाते. समजा, अरबी समुद्रातलं पाणी बाजूला सारलं आणि मुंबईहून आपण नैऋत्येला चालत निघालो. वाटेत काय काय लागेल?

पहिली लागते समुद्रबूड जमीन, म्हणजेच भूखंडमंच. तिचा उतार इतका मंद, की चालताना जाणवणारही नाही. मुंबईसमोर ही पायरी 200 किलोमीटरहून जास्त रुंद आहे. केरळकडे ती बरीच अरुंद होते. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. पुष्कळ पाणी बर्फात अडकलेलं, त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. म्हणजे यातला बराच भाग तेव्हा चक्क कोरडा होता.

पायरी संपली की खंडान्त उतार. इथं तळ झपाट्यानं खाली जातो, हजारो मीटर खोल. त्यापुढं गाळानं भरलेलं सागरी मैदान. अरबी समुद्रात हा गाळ मुख्यतः सिंधू नदीचा. आणखी दूर कार्ल्सबर्ग ही जलमग्न पर्वतरांग. तिथं दोन भूपट्ट वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर दूर सरकतात, फटीतून शिलारस वर येतो आणि नवा सागरतळ तयार होतो.

आता गंमत बघा. एवढ्या अफाट तळापैकी आपला रोजचा संबंध येतो तो मुख्यतः पहिल्या पायरीशी. 1974 साली मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल सापडलं, ते बॉम्बे हाय याच पायरीवर. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा उंचवटाही विजयदुर्गासमोर, हिच्याच कडेजवळ. आणि आपल्या ताटातले बोंबील, पापलेट? तेही इथलेच. पाणी उथळ, त्यात ऊन शिरतं, नद्या पोषक द्रव्यं आणतात. सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर मासे जगतात.

पण तळ सपाट असल्यानं ट्रॉलरचं जाळंही तो खरवडत सहज ओढता येतं, आणि त्यात लहान पिल्लंही येतात. जवळचे मासे घटले की होड्या आणखी लांब जातात. मात्र कडेपलीकडं लगेच खोल, काळोखा उतार आहे. तिथं दुसरी अशी पायरी नाही. म्हणून जपायची ती हीच.