बाजाराचा धनी आणि कायदा

बारामतीच्या बाजारांत गूळ घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास अडत, हमाली, तोलाई हे शब्द नवे नाहींत. भाव कितीही चढो, हातीं काय उरलें हें हिशेबपट्टीच सांगते. बाजारांतील मनमानी कापण्यांस आळा बसावा म्हणून मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं कायदा झाला. मोबाइल फोनच्या जगांत आज तोच प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे.

फोनवर निरनिराळीं कामें करून देणाऱ्या ‘ॲप’चा बाजार मुख्यतः गूगल व ॲपल या दोन अमेरिकन कंपन्यांच्या हातीं आहे. बाजार त्यांचा, त्यांत त्यांचाही माल, आणि इतरांच्या विक्रीवर तीस टक्क्यांपर्यंत अडत. यास आवर घालण्यांत युरोपीय संघानें पुढाकार घेतला. त्यावर या कंपन्यांनीं तीन मार्ग अवलंबिले.

पहिला मार्ग न्यायालयाचा. गूगलला २०१७ सालीं २४२ कोटी युरो दंड झाला. त्याचा अंतिम निकाल लागला २०२४ च्या सप्टेंबरांत. दुसरा मार्ग सोय रोखण्याचा. नव्या कायद्याकडे बोट दाखवून ॲपलनें कांहीं नव्या सोयी युरोपांत तूर्त येणार नाहींत, असें जून २०२४ मध्यें जाहीर केलें.

तिसरा मार्ग अधिक चतुराईचा: दार उघडावयाचें, पण उंबरठ्यावर जकात बसवावयाची. मार्च २०२४ पासून ॲपलनें युरोपांत इतरांचीं ॲप-दुकानें येऊं दिलीं. परंतु या नव्या अटी पत्करणारें ॲप वर्षांत दहा लाखांहून अधिक वेळां घेतलें गेल्यास, पुढील प्रत्येक वेळीं अर्धा युरो आकार ठेवला. बाहेर स्वस्त मिळतें हें ग्राहकास सांगण्यावरील बंधनांबद्दल एप्रिल २०२५ मध्यें तिला ५० कोटी युरो दंड झाला.

हिंदुस्थानांतही हेंच दिसलें. ऑक्टोबर २०२२ मध्यें स्पर्धा आयोगानें गूगलला ९३६ कोटी रुपये दंड केला. अपिलांत तो मार्च २०२५ मध्यें सुमारें २१७ कोटींवर आला. दरम्यान गूगलनें पैसे भरण्याचा दुसरा मार्ग खुला केला, पण तेथें आपली अडत चारच टक्क्यांनीं उतरविली. तीसचे सव्वीस झाले. दुसऱ्या मार्गाचा खर्च ॲप करणाऱ्याच्याच माथीं राहिला.

बाजार राखण्यास व फसवणूक टाळण्यास खर्च येतो, हें कंपन्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. मात्र तो खर्च किती हें एकट्या धन्यानें ठरवूं नये, एवढाच कायद्याचा आग्रह आहे. दंडाचा आंकडा मोठा दिसतो. पण कायदा फळला कीं नाहीं, हें विकणाऱ्याची पट्टी पाहूनच कळतें.