किलोभर डाळीचं गणित

लस फुकट. ती टोचणारी नर्स सरकारी पगारावर. आणि तरीही राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत, वीसेक वर्षांपूर्वी, एक ते तीन वर्षांच्या शंभर मुलांपैकी सगळ्या लशी पूर्ण झालेली मुलं किती असतील? करा अंदाज. चाळीस? वीस?

सहा.

हे ऐकलं की आपण शहरी माणसं लगेच निकाल देऊन टाकतो: लोक अडाणी, सुईला घाबरतात. पण त्या लशीच्या बाटलीचा प्रवास तरी पाहा. कारखान्यापासून थेट दुर्गम जिल्ह्यापर्यंत तिला थंड, बहुतेक लशींसाठी २ ते ८ अंश तापमानात, जपत न्यायचं. तिच्या लेबलवर गोलाच्या आत एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागली की तो हळूहळू गडद होत जातो आणि गोलाइतका गडद झाला की बाटली बाद! निरक्षर माणसालाही वाचता येईल असा हिशेब त्या नखाएवढ्या ठिपक्यात मांडलेला. एवढं शहाणपण वापरून आलेली लस अडते कुठे, तर उपकेंद्राच्या कुलपापाशी.

कारण त्याच भागातल्या एका सर्वेक्षणात दिसलं, की कामाच्या दिवशीही लसीकरणाचे कर्मचारी जवळजवळ निम्म्या वेळा जागेवर नसत. आता आईच्या बाजूने बघा. तेव्हाच्या वेळापत्रकानुसार जन्मानंतर बीसीजी, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ट्रिपल आणि पोलिओ, नवव्या महिन्यात गोवर. म्हणजे निदान पाच खेपा. प्रत्येक खेपेला मजुरी बुडणार आणि दार उघडं मिळेल याची खात्री नाही. तुम्ही किती वेळा गेला असता?

मग सेवा मंदिर ही तिथली संस्था आणि काही अर्थतज्ज्ञ यांनी २००४ ते २००७ या काळात १३४ गावांत एक प्रयोग केला. त्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे, २०१९ मध्ये, नोबेल मिळालं. (बॅनर्जींच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर, तेव्हा आपल्याला जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही.) तीस गावांत दर महिन्याला ठरलेल्या तारखेला शिबिर भरायचं. नर्स खरंच आली का? तिने तारीख-वेळ उमटणाऱ्या कॅमेऱ्याने गावात फोटो काढायचा! ठरलेल्या शंभरातली पंचाण्णव शिबिरं भरली. आणखी तीस गावांत हेच शिबिर, शिवाय दर डोसमागे एक किलो डाळ आणि सगळे डोस पुरे झाले की ताटांचा संच. उरलेल्या गावांत काहीच बदललं नाही. तिथलाच तो सहाचा आकडा.

नुसतं दार वेळेवर उघडायला लागलं, तर सहाचे अठरा झाले. तिप्पट! आणि डाळ आली तिथे एकोणचाळीस.

गंमत अशी, की डाळ नसलेल्या शिबिरांतही पहिल्या डोसाला मुलं भरपूर येत. गळती पुढे लागायची. मूल तापलंय, कापणी आलीय, पुढच्या महिन्यात बघू... विरोध नव्हताच, होती ती चालढकल. तेव्हा सुमारे चाळीस रुपयांची, म्हणजे दिवसाच्या पाऊण मजुरीएवढी डाळ, ‘पुढच्या महिन्यात’चं ‘आज’ करून जायची.

पण डाळ वाटायची म्हणजे खर्च वाढणारच ना? इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. डाळीशिवाय एका मुलाचं लसीकरण पूर्ण करायला सुमारे २२०० रुपये लागले. डाळीसकट? सुमारे ११००! एसटीत पाच प्रवासी असोत की पन्नास, डिझेल जवळपास तेवढंच जळतं. तशीच नर्सची दिवसाची मजुरी, तिची बर्फाची पेटी, तिचा प्रवास. रांग लांबली की हा खर्च जास्त मुलांत वाटला जातो आणि डाळीचे पैसे त्यात भागून वर शिल्लकही उरते. फुकट वाटल्यामुळे स्वस्त झालेली गोष्ट तुम्ही आणखी कुठे पाहिलीत?

हुरळून जाण्याआधी एक मात्र बघा. दार उघडं, नर्स हजर, वर डाळ, तरी शंभरातल्या एकसष्ट मुलांच्या लशी पूर्ण झाल्याच नाहीत. आणि गोवराची साथ रोखायची तर शंभरातल्या पंचाण्णवांपर्यंत पोचावं लागतं.