नवी गाडी की जुनी?

अब्बांना वाळूजहून घाटीत तपासणीला नेताना ओढाताण व्हायची, म्हणून आम्ही घरच्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं. नव्या गाडीला व्याजाचं कर्ज लागत होतं. ते नको होतं. बचतीत जुनीच बसत होती. एमएच-20 पासिंगची एक चकचकीत गाडी आवडली, पण आरसीवर बँकेचा बोजा निघाला. सोडून दिली.

जुनी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 मागा. फॉर्म 29 व 30 वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. विमा नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. किती उरलीत, मोजा. टायर-बॅटरीसाठी पैसे राखा.

आमची गाडी जुनीच आहे, पण अब्बा निवांत बसतात आणि हप्ता कुणाचाच नाही.